पिचर असं का करतो? नव्यानं बेसबॉल बघणाऱ्यांसाठी

क्रिकेट बघत वाढलेल्या माणसाला बेसबॉलमध्ये आधी चुकल्यासारखं वाटतं ते रन-अप नसल्यामुळे. पिचर एका जागी उभा असतो. मग कोणी गुडघा छातीपर्यंत उचलतो, कोणी बॅटरकडे चक्क पाठ करतो, कोणी चेंडू टाकता टाकता आभाळाकडे बघतो. आणि मध्येच, काहीही घडलेलं नसताना, अंपायर बोट दाखवून ओरडतो आणि बेसवरचा रनर आरामात चालत पुढच्या बेसवर जातो. कॉमेंट्री करणारे म्हणतात, "बॉक!" रीप्ले दाखवतात. नव्या माणसाला त्यातही काही दिसत नाही.

धावा कशा मोजतात, इनिंग किती, हे दोन-तीन सामने बघितले की कळतं, त्यासाठी लेख नको. पिचरचं वागणं मात्र कोणीतरी सांगितल्याशिवाय उलगडत नाही. त्याची किल्ली एका वाक्यात मावते: बॅटरला फसवायची पिचरला जवळजवळ पूर्ण मुभा आहे, पण बेसवर उभ्या असलेल्या रनरला फसवायची नाही. पुढचं सगळं वाचताना हे वाक्य हाताशी ठेवा.

१. आधी पाय बघा

मैदानाच्या मधोमध मातीचा उंचवटा असतो, तो माउंड. त्याची उंची १० इंच. १९६८ पर्यंत ती १५ इंच होती. त्या हंगामात पिचर इतके वरचढ ठरले (सेंट लुइसच्या बॉब गिब्सननं नऊ इनिंगमागे सरासरी फक्त १.१२ धावा दिल्या) की १९६९ पासून उंचवटाच छाटून टाकला. माउंडवर २४ बाय ६ इंचांची पांढरी पट्टी पुरलेली असते, तिला रबर म्हणतात. तिथून होम प्लेट, म्हणजे बॅटरपाशी जमिनीत बसवलेली पट्टी, ६० फूट ६ इंचांवर. हे अंतर १८९३ पासून तसंच आहे. ताशी १५० किलोमीटरच्या पुढचा चेंडू ते सुमारे ०.४ सेकंदांत कापतो, तोही टप्पा न पडता.

क्रिकेटची एक सवय इथे सोडून द्या: कोपराकडे बघू नका. हात वाकला की नाही, किती अंशांत वाकला, याचं बेसबॉलला काही देणंघेणं नाही. चेंडू फेकायचाच असतो. नियमांचं सगळं लक्ष पायावर असतं. उजव्या हाताच्या पिचरचा उजवा पाय रबरला टेकलेला असेल तर तो "पिचर" आहे आणि त्याच्यावर सगळी बंधनं आहेत. तो पाय रबरच्या मागे घेतला की तो इतर कुठल्याही फिल्डरसारखा; मग त्यानं फेकायचा आव आणला, थांबला, चेंडू हातातून सुटला तरी कोणी काही म्हणणार नाही.

त्यामुळे पहिल्या सामन्यात एवढंच करा: प्रत्येक चेंडूआधी पाय रबरवर आहे की मागे, ते बघा.

२. उभं राहण्याच्या दोन तऱ्हा

नियमात पिचरला उभं राहण्याच्या दोनच पद्धती आहेत.

वाइंडअप: पिचर साधारण बॅटरकडे तोंड करून उभा राहतो, एक छोटं पाऊल मागे किंवा बाजूला, मग पाय वर, मग चेंडू. सावकाश, ऐसपैस प्रकार. बेस मोकळे असताना सामन्याची सुरुवात करणारे बहुतेक पिचर हेच वापरतात.

सेट: पिचर आडवा उभा राहतो, खांदा बॅटरकडे. दोन्ही हात पोटाशी किंवा छातीशी एकत्र आणतो आणि थांबतो. मग चेंडू. रनर बेसवर आला की जवळपास सगळे या पद्धतीवर येतात. कारण साधं आहे. वाइंडअपला वेळ लागतो, आणि तेवढ्यात रनर पुढचा बेस चोरतो, म्हणजे फटक्याची वाट न बघता पळून तो गाठतो. सेटमध्ये पहिल्या हालचालीपासून चेंडू बॅटरमागे बसलेल्या कॅचरच्या ग्लोव्हमध्ये पडेपर्यंत सुमारे १.३ सेकंद लागावेत, हे प्रशिक्षकांचं जुनं माप आहे. त्याहून हळू असलेल्या पिचरच्या नाकाखालून बेस चोरले जातात.

रनर फक्त तिसऱ्या बेसवर असेल किंवा तिन्ही बेस भरलेले असतील तर काही पिचर पुन्हा वाइंडअपवर जातात, कारण तेव्हा चोरीची भीती कमी असते. शेवटच्या इनिंगला येणारे रिलीव्हर (बदली पिचर) मात्र बेस मोकळे असतानाही सेटमधूनच टाकताना दिसतील. त्यांना एकच लय घोटून ठेवायची असते.

३. ॲक्शन विचित्र असेल तर काय लपवलंय ते शोधा

आता मजेचा भाग. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टेडियमबाहेर हुआन मारिशालचा पुतळा आहे. बे एरियात राहणारे अनेक मराठी वाचक त्याच्या शेजारून गेले असतील. डोमिनिकन रिपब्लिकचा हा पिचर डावा पाय जवळजवळ डोक्याच्या वर नेत असे. पुतळ्यातही तो पाय तसाच हवेत आहे. २ जुलै १९६३ च्या रात्री तो आणि मिलवॉकीचा वॉरन स्पान (त्याचाही पाय उंच जायचा) समोरासमोर आले. दोघांनीही सामना सोडला नाही, आणि सोळाव्या इनिंगला १-० असा निकाल लागला. आज पिचरला शंभरेक चेंडूंनंतर बाहेर काढतात, तेव्हा हा सामना दंतकथेसारखा वाटतो.

पाय उंच नेण्यानं बॅटरला चेंडू उशिरा दिसतो. हात आणि चेंडू पायाआड, ग्लोव्हआड, शरीराआड राहतात. एकूण ०.४ सेकंदांचा खेळ असताना त्यातला थोडासा काळ जरी चेंडू झाकला गेला तरी बॅटरचं गणित कोलमडतं.

क्यूबाच्या लुइस टिआंटनं हे टोकाला नेलं. सत्तरच्या दशकात बोस्टनकडून खेळताना तो मध्येच पूर्ण वळायचा, पाठ बॅटरकडे आणि तोंड सेंटर फील्डकडे (मैदानाच्या मागच्या मधल्या भागाकडे), आणि मग गर्रकन फिरून चेंडू सोडायचा. त्याचे वडीलही पिचर होते, डावखुरे, निग्रो लीगमध्ये (कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या लीगमध्ये) खेळलेले, आणि रनरला बेसवर पकडण्यात वाकबगार. १९७५ मध्ये क्यूबा सरकारनं परवानगी दिल्यावर ते बोस्टनला आले आणि फेनवे पार्कवर पहिला चेंडू टाकायचा मान त्यांना मिळाला.

मेक्सिकोचा फर्नांडो व्हॅलेन्झुएला पाय उचलल्यावर डोळे वर, थेट आभाळाकडे न्यायचा. लक्ष्याकडे बघतच नाही हा माणूस, असं वाटावं. १९८१ मध्ये लॉस एंजेलिसकडून त्यानं पदार्पणाचा सर्वोत्तम खेळाडू आणि सर्वोत्तम पिचरचा साय यंग हे दोन्ही पुरस्कार एकाच वर्षी घेतले. तसं दुसऱ्या कुणालाही जमलेलं नाही.

त्याच लॉस एंजेलिसमध्ये १९९५ साली जपानहून हिदेओ नोमो आला. हात डोक्याच्या वर ताणून, मग पाठ वळवून, कंबर पिळून टाकायचा. ॲक्शनला नाव पडलं टॉर्नेडो. १९९६ च्या सप्टेंबरात डेन्व्हरला, जिथे विरळ हवेत चेंडू लांब उडतो, त्यानं समोरच्या संघाला एकही हिट (बेस मिळवून देणारा फटका) दिला नाही. गंमत म्हणजे त्या रात्री पावसानं माउंड निसरडा झाला होता, म्हणून त्यानं बराच वेळ टॉर्नेडो बाजूला ठेवून सेटमधून पिचिंग केलं. म्हणजे देखावा वगळला तरी हातात माल होता.

मग येतात सबमरीन पिचर: हात वरून नाही तर गुडघ्याच्याही खालून येतो. आपल्याकडे ज्यांनी पुण्याच्या केदार जाधवला जवळजवळ बसून, हात आडवा काढून टाकताना बघितलंय, त्यांना हा प्रकार लगेच पटेल. जपानच्या चिबा लोटे संघाचा शुनसुके वातानाबे तर बोटांची पेरं मातीला घासतील इतका खाली जायचा. अलीकडचं नाव टायलर रॉजर्स. त्याचा फास्टबॉल ताशी १३३ किलोमीटरच्या आसपास, मेजर लीगच्या (अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगच्या) मानानं चक्क संथ, तरी बॅटरना तो नीट मारता येत नाही, कारण चेंडू खालून वर येतो आणि तसं बघायची नजरेला सवयच नाही. त्याचा जुळा भाऊ टेलर डावखुरा आहे आणि नेहमीच्या पद्धतीनं वरून टाकतो. २०२३ मध्ये दोघं सॅन फ्रान्सिस्कोच्या एकाच संघात होते.

या प्रकाराला एक काळी बाजूही आहे. १९२० च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या कार्ल मेज या सबमरीन पिचरचा चेंडू क्लीव्हलंडच्या रे चॅपमनच्या डोक्यात बसला आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. मेजर लीगमध्ये चेंडू लागून झालेला तो एकमेव मृत्यू. चेंडू तेव्हा मळून काळपट होईपर्यंत वापरत. आज चेंडू जरा मळला की अंपायर बदलतो.

आणि दोन्ही हातांनी टाकणारा? तोही आहे. पॅट व्हेंडिटकडे दोन अंगठ्यांचा खास ग्लोव्ह होता, कुठल्याही हातात घालता यावा असा. २००८ च्या जूनमध्ये खालच्या पातळीवरच्या एका मायनर लीग सामन्यात त्याच्यासमोर दोन्ही बाजूंनी खेळणारा बॅटर आला. पिचरच्या हाताच्या उलट बाजूनं मारणं बॅटरला सोपं जातं; म्हणून बॅटर बाजू बदलतो, म्हणून हा ग्लोव्ह बदलतो, म्हणून बॅटर पुन्हा बाजू बदलतो. कितीतरी वेळ हेच चाललं. शेवटी अंपायरांनी बॅटरला बाजू ठरवायला लावली, आणि व्हेंडिटनं त्याला बाद केलं. त्यानंतर नियम झाला: पिचरनं आधी हात दाखवायचा, आणि तो बॅटर बाद होईपर्यंत किंवा बेसवर पोचेपर्यंत बदलायचा नाही (दुखापत झाली तर गोष्ट वेगळी). २०१५ मध्ये व्हेंडिट ओकलंडकडून मेजर लीगमध्येही खेळला.

४. ताल मोडणारे

सगळे चेंडू लपवत नाहीत, काही जण वेळ लपवतात. बॅटर पिचरच्या लयीवर स्वतःची लय जुळवत असतो, ती लयच बिघडवायची. जॉनी क्वेटो कधी पाय उचलून खांदे हलवत रेंगाळायचा, कधी झटकन टाकायचा. नेस्टर कोर्टेसही एकाच बॅटरला तीन निरनिराळ्या चाली दाखवतो. हे कायदेशीर आहे, पण इथे "जवळजवळ पूर्ण मुभा" मधला "जवळजवळ" महत्त्वाचा.

सॅचेल पेज हा निग्रो लीगचा महान पिचर रंगभेदामुळे मेजर लीगमध्ये उशिरा पोचला, तेव्हा ४२ वर्षांचा होता: १९४८, क्लीव्हलंड. पुढचा पाय टाकून झाल्यावर हात क्षणभर मागेच थांबवायचा, मग चेंडू सोडायचा, ही त्याची खासियत. अमेरिकन लीगचे (मेजर लीगच्या दोन गटांपैकी एक) अध्यक्ष विल हॅरिज यांनी ती बेकायदा ठरवली.

जपाननं ही रेघ आणखी कडक ओढली होती. पाय उचलला, थोडा खाली आणला, पुन्हा उचलला, अशा दोन टप्प्यांच्या ॲक्शनवर तिथल्या व्यावसायिक बेसबॉलनं २००६ पासून कडक बंदी घातली आणि अनेक नावाजलेल्या पिचरना आयुष्यभराची ॲक्शन बदलावी लागली. २०१७ मध्ये युसेई किकुचीच्या ॲक्शनवर अंपायरांनी बोट ठेवलं आणि बराच गहजब झाला. २०१८ मध्ये बंदी सैल झाली. माझ्या मते ती मुळातच अनाठायी होती. बेस मोकळे असताना पिचरनं पाय दोनदा उचलला तर कुणाचं काय बिघडतं?

अमेरिकेत वाद पायांच्या उड्यांवरून झाला. कार्टर कॅप्स रबरवरून ढकलून पुढे उडी मारायचा, मागचा पाय ओढत न्यायचा आणि बॅटरच्या बराच जवळ जाऊन चेंडू सोडायचा. २०१७ पासून स्पष्ट झालं: होम प्लेटच्या दिशेनं दुसरं पाऊल टाकायचं नाही, मागचा पाय पुन्हा रोवायचा नाही. ह्यूस्टनचा लुइस गार्सिया बाळाला झुलवल्यासारखे हात हलवत, पावलं टाकत यायचा. २०२३ मध्ये नियमांची अंमलबजावणी कडक झाल्यावर त्यालाही ते सोडावं लागलं.

झटपट टाकण्यालाही मर्यादा आहे. बॅटर तयार नसताना चेंडू टाकला तर तो क्विक पिच. बेस मोकळे असतील तर एक बॉल मोजतात (असे चार झाले की बॅटरला फुकट पहिला बेस), रनर असेल तर बॉक.

याच्या उलट टोकाला ईफस: हवेत उंच, कमानीसारखा सोडलेला अगदी मंद चेंडू. पिट्सबर्गचा रिप स्युएल यासाठी प्रसिद्ध होता. शिकारीत पायाला गोळी लागल्यावर त्याला ॲक्शन बदलावी लागली आणि त्यातून हा चेंडू आला. १९४६ च्या ऑल-स्टार (निवडक खेळाडूंच्या) सामन्यात टेड विल्यम्सनं तोच चेंडू प्रेक्षकांत भिरकावला.

५. बॉक: इथे जरा थांबा

नियमावलीत बॉकचे १३ प्रकार दिलेले आहेत. पाठ करायची गरज नाही. प्रत्येकाच्या मागे प्रश्न एकच: रनरला खोटी बातमी दिली का? "मी बॅटरला टाकतोय" असं दाखवून थांबला, किंवा "मी बेसवर फेकतोय" असं दाखवून फेकलं नाही, तर दिली. शिक्षा म्हणजे बेसवरचा प्रत्येक रनर एक बेस पुढे. बेसवर कोणी नसेल तर बॉक होऊच शकत नाही, कारण फसवायला कोणी नाही.

टीव्हीवर नेहमी दिसणारे प्रकार एवढेच:

सेटमध्ये हात एकत्र आणून पूर्ण थांबला नाही. हा सगळ्यात जास्त होतो आणि नव्या नजरेला सगळ्यात कमी दिसतो. हात जुळल्यावर मनात "एक" म्हणा. म्हणून व्हायच्या आत हात सुटले तर अंपायर ओरडण्याची शक्यता आहे.

हालचाल सुरू केली आणि मध्येच थबकला. खांदा नुसता उडाला तरी पुरे.

पहिल्या बेसकडे फेकायचा आव आणला, पण फेकला नाही. दुसऱ्या बेसकडे मात्र खोटा आव चालतो. तिसऱ्या बेसकडेही आधी चालायचा, आणि "तिसऱ्याकडे दाखव, गर्रकन वळून पहिल्याकडे फेक" ही जुनी क्लृप्ती होती. ती क्वचितच कोणाला बाद करायची आणि प्रेक्षकांना भयंकर कंटाळा आणायची. २०१३ पासून ती बंद.

बेसकडे फेकताना त्या बेसच्या दिशेनं पाऊल टाकलं नाही. डावखुऱ्या पिचरच्या बाबतीत इथे सगळा तमाशा असतो. सेटमध्ये त्याचं तोंड पहिल्या बेसकडेच असतं. तो पाय उचलतो आणि शेवटच्या क्षणी ठरवतो, बॅटर की बेस. अंपायर मनात ४५ अंशांची रेघ ओढून बघतात की पाऊल बेसच्या बाजूला पडलं की प्लेटच्या. चांगले डावखुरे त्या रेघेवरच पाय ठेवतात, आणि पुढचे पाच मिनिटं दोन्ही डगआउट एकमेकांवर खेकसतात.

रबरवर असताना चेंडू हातातून निसटला. यात फसवणूक कसली, असं तुम्ही विचाराल. नाहीच. पण नियम हेतू बघत बसत नाही.

हेतूवरून आठवलं: ११ जुलै १९६१, सॅन फ्रान्सिस्कोचं कँडलस्टिक पार्क, ऑल-स्टार सामना. खाडीवरून येणाऱ्या वाऱ्याच्या झोतानं स्टू मिलर सेटमध्ये उभा असताना डोलला. बॉक. रनर पुढे. "वाऱ्यानं माउंडवरून उडवून दिलेला पिचर" अशी त्याची ख्याती झाली. उडाला वगैरे नव्हता, पण गोष्ट रंगवून सांगायला कोणाची हरकत नसते.

१९८८ मध्ये नियमातला "थांबा" जास्त ठळक, स्पष्ट दिसणारा हवा असं ठरलं आणि अंपायरांनी बॉकचा नुसता पाऊस पाडला: एका हंगामात ९२४. ओकलंडच्या डेव्ह स्टुअर्टचे एकट्याचे १६. कारकिर्दीतला विक्रम स्टीव्ह कार्लटनच्या नावावर आहे, ९०. तो डावखुरा होता, हे आता सांगायला नकोच.

माझा आवडता बॉक मुद्दाम केलेला आहे. जून २०१९, लॉस एंजेलिस विरुद्ध शिकागो कब्ज, नववी इनिंग, दोन बाद, लॉस एंजेलिस ५-३ पुढे. दुसऱ्या बेसवर जेसन हेवर्ड. दुसऱ्या बेसवरून कॅचरच्या बोटांच्या खुणा दिसतात आणि बॅटरला कळवता येतात. हेवर्डची धाव झाली तरी सामना जात नव्हता. चेंडू कोणता येणार हे बॅटरला कळलं असतं तर एका फटक्यात बरोबरी होऊ शकली असती. केनली जॅन्सेननं अंपायरला सांगून रबरवर पाय हलवले. बॉक. हेवर्ड तिसऱ्या बेसवर, जिथून खुणा दिसत नाहीत. जॅन्सेननं बॅटरला स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केलं, सामना संपला. रनरच्या भल्यासाठी असलेला नियम रनरला हुसकावायला वापरला! अशा वेळी वाटतं, हा खेळ वकिलांनी बनवलाय.

६. हात कुठे जातो?

पिचर सतत स्वतःला चाचपत असतो: टोपी, कपाळ, शर्ट, ओठ. यातलं काय चालतं?

माउंडभोवती १८ फुटांचं वर्तुळ असतं. त्यात राहून ओठांना बोट लावलं तर चेंडूला हात लावण्याआधी ते स्पष्ट दिसेल असं पुसावं लागतं, आणि रबरवर पाय असताना तर तोंडाला हात लावायचाच नाही. कडाक्याच्या थंडीत हातावर फुंकर मारायची परवानगी मात्र मिळू शकते. माउंडमागे पडलेली छोटी पिशवी राळेची. ती फक्त हाताला लावायची, चेंडूला किंवा ग्लोव्हला नाही. पिचरचा ग्लोव्ह पांढरा किंवा राखाडी चालत नाही, कारण त्यावर चेंडू हरवतो.

एवढा काच का? थुंकी लावलेला चेंडू वेडावाकडा वळतो. १९२० मध्ये त्यावर बंदी आली, पण ज्यांची रोजीरोटीच तो होता अशा १७ पिचरना निवृत्तीपर्यंत सूट मिळाली. त्यातला शेवटचा बर्ली ग्राइम्स, १९३४ पर्यंत खेळला. पुढे गेलॉर्ड पेरीनं हा धंदा चोरून चालवला आणि त्याहून जास्त चालवल्याचं नाटक केलं. टोपीला हात, कानाला हात, मानेला हात. बॅटर त्या हातांकडेच बघत राहायचे. चोरीसाठी सामन्यातून हाकललं गेलं ते थेट १९८२ मध्ये, तीनशेवर विजय झाल्यावर. आज तो हॉल ऑफ फेममध्ये आहे.

आता भानगड थुंकीची नाही, चिकट पदार्थांची आहे. चिकट बोटांनी चेंडूला जास्त फिरकी मिळते. २१ जून २०२१ पासून अंपायर इनिंगच्या शेवटी पिचरचे हात, टोपी, पट्टा तपासतात. सापडला तर हकालपट्टी आणि दहा सामन्यांची बंदी. दुसऱ्याच दिवशी फिलाडेल्फियात मॅक्स शर्झरची पुन्हा पुन्हा झडती झाली तेव्हा त्यानं टोपी-ग्लोव्ह खाली टाकून पट्टाच सोडला, आणि त्याच रात्री दुसऱ्या मैदानावर सर्जिओ रोमोनं वैतागून पँट खाली केली. दोघंही निर्दोष निघाले. शर्झर मात्र २०२३ मध्ये सापडलाच. ती राळ आणि घाम होता, असं त्याचं म्हणणं.

७. इशारे वाचा

कॅचर मांड्यांमध्ये बोटं दाखवतो: एक म्हणजे बहुधा फास्टबॉल, दोन म्हणजे कर्व्ह (वळत खाली जाणारा चेंडू). ही जुनी पद्धत आता मेजर लीगमध्ये क्वचित दिसते. २०२२ पासून पिचकॉम नावाचं यंत्र आलं. कॅचर किंवा पिचर मनगटावरचं किंवा कमरेचं बटण दाबतो आणि टोपीतल्या स्पीकरमध्ये आवाज येतो. ह्यूस्टनच्या संघानं २०१७ मध्ये कॅमेऱ्यानं खुणा चोरून कचऱ्याचा डबा बडवत बॅटरना सांगितल्या होत्या, त्यानंतर हे येणारच होतं.

एक गोष्ट मात्र उघड्यावर असते आणि तिच्याकडे फार कमी लोक बघतात. सरावाचे चेंडू टाकताना पिचर ग्लोव्हनं कॅचरला सांगतो, आता काय येतंय. ग्लोव्ह पुढे झटकला तर फास्टबॉल, खाली गोल वळवला तर कर्व्ह, बाजूला सरकवला तर स्लायडर (आडवा सरकणारा चेंडू). पाच मिनिटं हे बघितलं तरी त्या रात्रीचा पिचर काय काय टाकू शकतो ते कळून जातं.

मॅनेजर बाहेर येऊन उजव्या किंवा डाव्या दंडावर थाप मारतो तेव्हा तो त्या हाताचा रिलीव्हर बोलावत असतो. चार बोटं दाखवली तर बॅटरला फुकट पहिला बेस. २०१७ पासून त्यासाठी चार चेंडू टाकावे लागत नाहीत.

आणि काही हावभाव निव्वळ स्वतःचे. क्रेग किम्ब्रेल हात पंखासारखा लोंबत ठेवून वाकून उभा राहतो. दंडाच्या दुखण्यातून ती सवय लागली असं त्यानंच सांगितलंय, आणि समोरच्या शहरातले प्रेक्षक त्याची नक्कल करून चिडवतात. डेट्रॉइटचा मार्क फिड्रिच १९७६ मध्ये चेंडूशी बोलायचा आणि गुडघे टेकून माउंडची माती हातानं सारखी करायचा. फर्नांडो रॉडनी सामना संपवला की आकाशात काल्पनिक बाण सोडायचा. यांत नियम शोधू नका.

८. घड्याळाकडेही नजर ठेवा

२०२३ पासून पिच क्लॉक आहे. बेस मोकळे असतील तर १५ सेकंदांत चेंडू टाकायला सुरुवात व्हायला हवी. रनर असेल तर आधी २० होते, २०२४ पासून १८. पिचरला उशीर झाला तर एक बॉल, बॅटर ८ सेकंद उरेपर्यंत तयार नसेल तर एक स्ट्राइक. सामन्याचा सरासरी वेळ ३ तास ४ मिनिटांवरून २ तास ४० मिनिटांवर आला.

आपल्या दृष्टीनं जास्त रंगतदार भाग दुसरा. एका बॅटरच्या वेळी पिचर दोनदाच बेसकडे फेकू शकतो किंवा रबरवरून पाय काढू शकतो. तिसऱ्यांदा फेकून रनर बाद झाला तर ठीक, नाहीतर बॉक. म्हणजे दोन संधी संपल्या की रनर निर्धास्त. २०२२ मध्ये सगळ्या संघांनी मिळून २,४८६ बेस चोरले होते, २०२३ मध्ये ३,५०३. (बेसही १५ इंचांचे १८ इंच केले, त्याचाही वाटा आहे.) पिचरनं दोनपैकी किती संधी वापरल्या हे टीव्हीवर दाखवत नाहीत तेव्हा बोटांवर मोजत जा.

९. कधी आणि कुठून बघायचं

भारतातून बघणाऱ्यांना उन्हाळ्यात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे संध्याकाळी सातचे सामने पहाटे साडेचारला मिळतात, पश्चिम किनाऱ्यावरचे सकाळी साडेसातला. झोपमोड नको असेल तर पूर्वेकडचे दुपारी एकचे सामने शोधा, ते आपल्याकडे रात्री साडेदहाला सुरू होतात. जपानमधले संध्याकाळी सहाचे सामने दुपारी अडीचला, सुट्टीच्या दिवशी जेवण झाल्यावर बसायला सोयीचे. टीव्हीवर कॅमेरा बहुतेक वेळ सेंटर फील्डमधून, पिचरच्या पाठीमागून असतो. चेंडू छान दिसतो, पण सेटमधला थांबा आणि पायाची दिशा नीट दिसत नाही.

प्रत्यक्ष मैदानावर जाणार असाल तर त्या दिवशी कोण पिचर सुरुवात करणार आणि तो कुठल्या हाताचा, हे आधी जाहीर होतं. उजवा असेल तर तिसऱ्या बेसच्या बाजूचं तिकीट घ्या, डावखुरा असेल तर पहिल्या. सेटमध्ये त्याचं तोंड तुमच्याकडे असेल आणि हात थांबले की नाही हे अंपायरइतकंच तुम्हालाही दिसेल.